रापणीच्या (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्याच्या) गेमबद्दल, घरच्यांना

हेलसिंकी

ती. बाबांस सा. नमस्कार.

फोनवर धड बोलणं होत नाही. मधेच दादा फोन घेतो, आई जेवलास काय विचारते आणि मूळ विषय, म्हणजे आमचा मोबाइलवरचा गेम, राहूनच जातो. म्हणून लिहितोय.

"खेळ करून पोट भरता काय?" असं तुम्ही विचारलंत. अजून तरी नाही. नोकरीतल्या साठवणुकीवर वर्षभर निघेल. आम्ही तिघं भागीदार. कोड माझ्याकडे, चित्रं एक फिनिश मुलगी काढते, आवाज आणि हिशेब तिसऱ्याकडे. इथे कंपनी काढणं फार जड नाही. पूर्वी २,५०० युरो भांडवल दाखवावं लागायचं, २०१९ मध्ये ती अट गेली.

जुगाराची काळजी सोडा. २०२५ मध्ये आपल्याकडे बंदीचा कायदा झाला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमसाठी. आमच्यात पैसे लावायचेही नाहीत आणि जिंकायचेही नाहीत. पहिले काही डाव फुकट. आवडला तर एकदाच पैसे भरून पुढचा गेम उघडायचा. त्यातले १५ टक्के अ‍ॅपल किंवा गूगल कापून घेतं. वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर कमावलं तर कापणी वाढते. तेवढे येऊ देत, मग कुरकुर करू.

आता भागीदारी. काकांच्या ट्रॉलरचं काय झालं ते मीही पाहिलंय, म्हणून आधी कागद केला, मग कामाला हात घातला. तिघांचे वाटे सारखे, पण ते चार वर्षांत हळूहळू पक्के होतात. पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेला त्याला काही नाही. रापणीत दोराला हात लावील त्याचा वाटा, तसंच हे. मात्र तुमच्याकडे होडीला आणि जाळ्यालाही वाटा असतो; आमच्या लॅपटॉपला कोणी विचारत नाही. गेम ज्यावर बांधतो ते गोडो नावाचं इंजिन, म्हणजे एक सॉफ्टवेअर, तर फुकटच आहे. दुसऱ्या एका इंजिनवाल्यांनी २०२३ मध्ये ठरावीक मर्यादेपुढे दर इन्स्टॉलमागे पैसे मागायचं जाहीर केलं होतं. ओरड झाली, वर्षभरात त्यांनी ते मागे घेतलं, पण तोवर बरेच छोटे स्टुडिओ बिथरले होते.

गेम रापणीचाच आहे, हे दादाने सांगितलं असेल. दोन अंगठे म्हणजे दोन बाजूंचे दोर. एक बाजू जोरात ओढली की जाळं तिरकं होतं आणि मासळी कडेने सटकते. मागे व्हिडिओ बघून तुम्ही म्हणालात, "दोन्हीकडची माणसं जागेवरच उभी कशी? जाळं जवळ येईल तशी ती एकमेकांकडे सरकायला हवीत." ते केलंय, आणि खेळ एकदम रंगला! शेवटी दोन्ही रांगा इतक्या जवळ येतात की अंगठे एकमेकांवर आपटतात. फिनिश बाईंनी बांगडाही नीट काढलाय, पाठीवरच्या काळसर ठिपक्यांसकट. आधी तो इथल्या थंड पाण्यातला कुठलातरी चंदेरी मासा दिसत होता.

तुमच्या जुन्या फोनवर हा चालला पाहिजे, असा माझा हट्ट आहे. आपल्याकडे पुष्कळांच्या हातात तसलेच फोन आहेत. तो दुकानात देऊन टाकू नका.

गेम चालेलच असं नाही. इथून जवळच एस्पोमध्ये रोविओ आहे, २००९ च्या अँग्री बर्ड्सवाली. तो त्यांचा ५२ वा गेम, असं सांगतात. आमच्याकडे तेवढ्या गेमचे पैसे नाहीत, फार तर दोनचे आहेत. नाही जमलं तर पुन्हा नोकरी शोधीन. आईला हे एवढं वाचून दाखवा, बाकी राहू द्या.

दादाला एक काम सांगा. दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागेल तेव्हा दोराचा आवाज रेकॉर्ड करून पाठव म्हणावं. फोन दोराजवळ धरायचा, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मधे स्वतः बोलायचं नाही. ओढणाऱ्यांची हाक आली तर उत्तमच, पण त्यांना आधी विचारून घे म्हणावं.

तुमचा,
धाकटा