मला इथे ड्यूटी आहे

चि. दादूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुला नीट उत्तर देता आलं नाही. तू बोलत होतास तेव्हा आजीच्या दोनच्या गोळीची वेळ होत आली होती, माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे. आणि ‘बाबा, तिकडे दिवसभर एकटे बसून काय करता, इकडे बंगळूरला या’ याला फोनवर ‘बघू’ याखेरीज काय म्हणणार? म्हणून लिहितोय. मीटिंग चालू असताना टेबलाखाली वाचू नकोस, घरी गेल्यावर वाच.

मी येणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना जिवाला घोर नको.

नोकरीचं आधी. कंपनीने लाइन दुसऱ्या राज्यात नेली आणि आमची टूलरूम बंद झाली, त्याला दीड वर्ष होत आलं. शोध थांबवलेला नाही. पण त्रेपन्नाव्या वर्षी नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काय मिळतं तेही तुला कळू दे. एका ठिकाणी तुझ्याच वयाच्या पोराने विचारलं, ‘काका, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?’ मी म्हटलं, पेन्शनच्या रांगेत. तो हसला नाही. दुसरीकडे काम मिळत होतं, कंत्राटदारामार्फत, बारा तास, हातात अठरा हजार. जवळजवळ तेवढेच आजीजवळ बसणाऱ्या ब्युरोच्या बाईला द्यावे लागले असते. आईने आणि मी वहीत हिशोब मांडला आणि नको म्हणून कळवलं. तू रात्री अकरा वाजता नोकऱ्यांच्या लिंक पाठवतोस त्या मी बघतो, पण त्यातल्या बहुतेक ‘पाच ते आठ वर्षं अनुभव’वाल्या असतात. एवढ्या पाठवू नकोस.

सुरुवातीचे महिने वाईट गेले, ते तू पाहिलंयस. सकाळी कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजायचा, दुसऱ्याच कंपनीच्या बसचा, तरी मी उठून बसायचो. लोकांनी सल्ले दिले. छंद जोपासा, योगा करा, गोदाकाठी फिरायला जा. एकाने तर बासरी आणून दिली. बासरीत वाईट काही नव्हतं, पण मी ती वाजवली काय नि न वाजवली काय, कोणाचं काही अडत नव्हतं. टूलरूममधून डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारा साचा, वेळेत गेली नाही की प्रेस उभी राहायची, आणि प्रेस उभी राहिली की फोन यायचा. तीस वर्षं त्या फोनला शिव्या घातल्या. तो बंद झाल्यावर कळलं, आपला दिवस त्याच्याच जोरावर चालत होता. रिकाम्या माणसाला मन रमवायला काहीतरी द्या, असं लोकांना वाटतं. मला मन रमवायचं नव्हतं. माझ्यावाचून कोणाचं तरी अडायला हवं होतं.

आजोबांचं तुला अर्धवट ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आम्ही लालबागला राहत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात साचेखात्यातले, म्हणजे मागावरचे, आजोबा. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर आजोबांचा विश्वास होता, तो शेवटपर्यंत राहिला. भोंगा थांबला तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि नाक्यावर जाऊन उभे राहायचे. त्या दहा बाय बाराच्या खोलीत आजीची खानावळ चालायची. जेवायला येणारी माणसंही गिरणीतलीच. संपात निम्मी गावाला निघून गेली, उरलेल्यांची उधारी. मग आजीने अन्नपूर्णा महिला मंडळाकडून कर्ज काढलं आणि ऑफिसांचे डबे सुरू केले. प्रेमाताई पुरवांनी १९७५ ला हे मंडळ काढलं होतं, आजीसारख्या खानावळवाल्या बायकांसाठीच. एरवी त्यांना दारात सावकारच उभा करायचा. पहाटे चारपासून घरात स्टोव्ह भणभणायचा, आत्या आणि मी डबे लावायचो, आणि आजोबा त्या सगळ्यातून वाट काढत बाहेर जायचे. ते आळशी नव्हते. रॉकेलची रांग तेच लावायचे, पण अंधारात, ओळखीचं कोणी दिसणार नाही अशा वेळी.

तो संप अधिकृतपणे कोणी मागे घेतलाच नाही. त्यामुळे ‘झालं, आता दुसरं काही बघा’ असं आजोबांना कोणी सांगितलंही नाही. पुढे मामाच्या ओळखीने आम्ही नाशिकला आलो, ते वॉचमन झाले, मी आयटीआयला गेलो. पण मधली ती वर्षं ते स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे राहिले. मी त्यांना बोल लावत नाही. तेव्हाच्या चाळीत पुरुषमाणसाने दारात बसून कणीक मळली असती तर वरच्या मजल्यापर्यंत बातमी गेली असती. पण मला तसं राहायचं नव्हतं. एवढंच नक्की होतं. पुढचं आजीच्या दुखण्याने ठरवलं.

पार्किन्सनच्या गोळ्या चालू होत्याच, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाबरोबर, आपल्याकडे सगळी औषधं देतात तशा. आई पतसंस्थेत गेली की दुपारची गोळी आजी स्वतः घ्यायची, कधी दोनला, कधी चारला. मी घरी राहायला लागल्यावर दिसलं की एकाच दिवसात या दोन वेगळ्या बायका असतात. अकरा वाजता वाटाणे सोलत बसलेली एक, आणि दोन वाजता खुर्चीतून उठता न येणारी दुसरी. एकच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याला कारण असतं, हे टूलरूमने शिकवलंय. मी एक जुनी लांबोडी वही काढली आणि दर अर्ध्या तासाला नोंद करायला लागलो. चालू, बंद, थरथर, जेवण, गोळी. आठवड्याने ती वही डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, ‘कोणी लिहिलं हे?’ दहावीच्या निकालानंतर इतकं बरं मला क्वचितच वाटलंय.

त्यांनी समजावलं ते असं. तिच्या गोळीतलं लेव्होडोपा आणि डाळ-दुधातलं प्रथिन, दोघं आतड्यात एकाच दारातून आत शिरतात. एकदम आले की औषध बाहेर ताटकळतं. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी, आणि डाळ, दूध, पनीर शक्यतो रात्रीच्या जेवणात. तीन मोठ्या डोसांचे चार छोटे केले: सहा, दहा, दोन, सहा. वेळ मागेपुढे झालेली मला चालत नाही. आपली धाकटी चिमी मला ‘साहेब’ म्हणते, म्हणू दे.

गोळीने बरंच सुधारलं, पण पाय अडकणं थांबलं नाही. उंबऱ्याशी, मोरीच्या दारात, कॉटला वळसा घालताना ती जागच्या जागी खिळायची, आणि हाताला धरून ओढलं तर तोल जायची भीती आणखी. फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, ‘काका, जमिनीवर आडव्या पट्ट्या मारा. सहज चालण्याचं मेंदूतलं काम बिघडलंय, पण ओलांडायला समोर काही दिसलं तर मेंदू ते दुसऱ्या वाटेने करून घेतो.’ मी चाट पडलो. अरे, जमिनीवर पट्ट्या मारण्यात तर आयुष्य गेलं माझं! फाइव्ह-एसच्या, म्हणजे कारखान्यातल्या टापटिपीच्या, ऑडिटआधी रात्री थांबून शॉपफ्लोअरवर पिवळ्या पट्ट्या मारणारा मीच. दुसऱ्याच दिवशी अंबडच्या ओळखीच्या दुकानातून तीच पिवळी चिकटपट्टी आणली, आजीचं पाऊल मोजलं आणि कॉटपासून मोरीपर्यंत, काटकोन धरून, स्टील रूलने पट्ट्या मारल्या. आई घरी आली आणि म्हणाली, ‘अहो, घराचं गोडाऊन केलंत.’ आजी पहिल्या पट्टीशी थांबली, खाली बघितलं, आणि पाऊल उचलून पलीकडे ठेवलं. मग दुसरं.

पुढची भर तिचीच. ती ‘ग्यानबा-तुकाराम’ म्हणत चालायला लागली. ग्यानबाला एक पाऊल, तुकारामाला एक. ठेक्यावर पाय सुटतात हे ताईंनी नंतर सांगितलं. आजी त्यांच्या आधी तिथे पोचली होती. आता घरी कोणी आलं की चिमी त्यांना बजावते, लेनमधून चाला.

फार गोड करून सांगत नाही. हे दुखणं पुढेच जाणार, माझी वही त्याला थांबवणार नाही. रात्री तिला कोपऱ्यात माणसं दिसतात, चादरी बदलाव्या लागतात, आणि काही दुपारी मला चप्पल घालून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. कधी गोविंदनगरच्या चौकापर्यंत जातोही, चिमी घरी असली तर. पण दहाची गोळी राहिली की साडेअकराला घरात समजतं. तो प्रेसचा फोन पुन्हा यायला लागला म्हण ना.

स्वयंपाकाचं जास्त लिहीत नाही, तू हसशील. सकाळचे दोन डबे माझ्याकडे आहेत. पोळ्या अजून आईच करते, माझ्या तिला बघवत नाहीत. भाकरी मात्र जमली. सुरुवातीला थापताना तुटायची, मी हाताला दोष देत होतो. आजी खुर्चीतून म्हणाली, ‘पिठाची विरी गेली असंल, दळून किती दिवस झाले?’ तेव्हापासून बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणतो. तिचा आवाज आता फार बारीक येतो, पण पीठ, मीठ आणि आच यांत तिचा शब्द अखेरचा.

रविवारी सकाळी आयटीआयची दोन पोरं येतात, टूल अँड डाय मेकरची. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, सगळं पाठ. पण एकच पिन पुन्हा पुन्हा मोजायला दिली की दर वेळी माप निराळं. हात बसवावा लागतो, तो पुस्तकातून बसत नाही. पैसे घेत नाही. उशिरा येतात, मी ओरडतो, पुढच्या रविवारी पुन्हा उशिरा येतात.

पैशाचं विचारलं होतंस. ग्रॅच्युइटीतून घराचं कर्ज फेडलं. पीएफ काढता येत होता, काढला नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी ८.२५ टक्के व्याज लागलं. पेन्शन पन्नाशीनंतर घेता येते, पण अठ्ठावन्नच्या आत घेतली तर दर वर्षामागे चार टक्के कायमचे कापतात, म्हणून थांबलोय. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर गेला, त्याचीच मोठी काळजी होती. आजीचं आयुष्मान कार्ड काढून घेतलं. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत मिळतं. आमच्या तिघांची पॉलिसी वेगळी घेतली, तिचा हप्ता जड आहे. बाकी घर आईच्या पगारावर चालतं.

हे वाक्य मुद्दाम लिहितोय. मावशीकडे तू ‘बाबांनी व्हीआरएस घेतली’ असं सांगितलंस म्हणे. माझ्यासाठीच सांगितलंस, कळतं मला. पण व्हीआरएस नव्हती, कामावरून कमी केलं. तसंच सांगत जा. कामावरून कमी केलं, आईचा पगार आहे, बाबा घर आणि आजीला बघतात. लोक दोन मिनिटं गप्प बसतील, मग विषय बदलतील. बसू दे गप्प. तुझ्या ऑफिसातही माणसं कमी करताहेत असं तूच म्हणालास. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, पण आली तर इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर उभा राहू नकोस. इकडे ये, इथे काम आहे.

आता तुझ्या कामाचं. दिवाळीची रजा टाकली असशीलच. भाऊबीज झाली की चार दिवस आजी तुझ्याकडे. आई आणि मी हरिहरेश्वरला जातोय, गाड्या बघून ठेवल्यात. पहाटे सहाची गोळी चहाच्या आधी, आणि मग अर्धा तास ती कितीही मागे लागली तरी चहा नाही. आडवी असताना गोळी द्यायची नाही, पाठीला उशी लावून नीट बसवायचं. पाय अडकला तर ओढायचं नाही, ‘चल चल’ करायचं नाही. शेजारी उभं राहून ग्यानबा-तुकाराम म्हणायचं, मोठ्याने. वहीच्या शेवटच्या महिन्याचे फोटो चिमी पाठवेल. वाचून ये, मी विचारणार आहे.

तुझा,
बाबा

ता. क. तू पाठवलेल्या पैशांतून चिमीच्या क्लासचा हप्ता भरला. पुढच्या महिन्यापासून निम्मे पाठवलेस तरी चालेल. उरलेल्यातून स्वतःचा मेडिक्लेम घे, ऑफिसच्या पॉलिसीवर विसंबून राहू नकोस.