चि. मुक्तास, प्रबंधाच्या निमित्ताने

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा विषय मान्य झाल्याचं परवा फोनवर कळलं. कच्च्या कैद्यांची खटल्याला सामोरं जाण्याची मानसिक क्षमता! तू तुरुंगात जाणार म्हणून आईच्या जिवाला घोर लागलाय. मला मात्र फार बरं वाटलं. कोर्टात उभी हयात घालवलेल्या माणसाला या विषयाची गरज कुणी पटवून द्यावी लागत नाही.

दोन प्रश्न पहिल्या पानापासून वेगळे ठेव. गुन्हा घडला त्या वेळी आरोपीचं मन ठिकाणावर होतं का, हा एक. पूर्वी त्यासाठी दंड संहितेचं कलम 84 होतं, आता न्याय संहितेचं कलम 22 आहे. आज पिंजऱ्यात उभा असलेल्या माणसाला आपल्यावरचा खटला कळतो का, तो वकिलाला आपली बाजू सांगू शकतो का, हा दुसरा. मुरलेले वकीलही यांची सरमिसळ करतात. पहिल्याचं उत्तर निकालात एकदाच येतं. दुसऱ्याचं औषधोपचारांनी बदलतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो, आणि नेमकं तेच राहून जातं.

आसामच्या माचांग लालुंगचं प्रकरण मुळापासून वाच. 1951 मध्ये, ऐन तारुण्यात, गंभीर दुखापतीच्या आरोपावरून त्याला पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. 1967 मध्ये तो बरा असल्याचं डॉक्टरांनी कळवलं. मग त्याची रवानगी झाली गुवाहाटीच्या तुरुंगात. खटला उभाच राहिला नाही. 2005 मध्ये एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो सुटला, तेव्हा 54 वर्षं उलटली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला तीन लाख रुपये भरपाई देवविली. 2007 मध्ये तो गेला. मुक्ता, आजार केव्हाच आटोक्यात आला होता. पुढची 38 वर्षं त्याला आत ठेवलं ते कारभाराने.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, नुसत्या चाचण्यांवर थांबू नकोस. परवानगी मिळाली तर प्रत्येक प्रकरणाचा रोजनामा, म्हणजे कोणत्या तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, वाच. रुग्णालयाचा अहवाल निघाला कधी, बारनिशीत, म्हणजे आवक नोंदवहीत, चढला कधी, न्यायाधीशांपुढे ठेवला कधी आणि त्यानंतर आरोपीला हजर केलं कधी, या चार तारखा मांड. ‘आरोपी हजर नाही, पुढील तारीख’ हे वाक्य पानोपानी भेटेल. मानसशास्त्राच्या प्रबंधात हे कशाला, असं तुझे मार्गदर्शक कदाचित विचारतील. बरा झालेला माणूस कोठडीत खितपत राहिला तर त्याच्या मनाचं काय होतं, हा तुझ्याच शास्त्राचा प्रश्न आहे, असं त्यांना नम्रपणे सांग.

चाचण्या निवडताना इथलं कोर्ट डोळ्यांसमोर असू दे. अमेरिकेत तयार झालेल्या प्रश्नावल्यांत ज्युरीचं काम काय, असं विचारतात. आपल्याकडे ज्युरी कधीच गेली. इथल्या माणसाला जामीन म्हणजे काय, सरकारी वकील कोणाच्या बाजूचा, तारीख का पडते, हे विचारायला हवं. तेही त्याच्या बोलीत. कामत यांनी 1930च्या दशकात बुद्धी मोजणारी बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, तशी मेहनत इथेही लागेल.

सगळ्यांत जास्त जप संमतीला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं कैद्यांना असुरक्षित गटात धरतात, ते उगाच नाही. शिपाई दाराशी उभा असताना ‘नाही’ म्हणायची हिंमत किती जणांत असेल? बाहेरून बाई आल्या म्हणजे आता जामीन होणार, असंही त्यांना वाटेल. तेव्हा आधीच स्पष्ट सांग की तुझ्याशी बोलून खटल्यात फायदा नाही, आणि न बोलल्याने तोटाही नाही. गुन्ह्याचा तपशील विचारूच नकोस, तुझ्या विषयाला तो लागत नाही. शिपायाने ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर थांबावं, ही परवानगी अधीक्षकांकडून आधीच लेखी घे. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोलला तर ते गुप्त ठेवता येणार नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाक.

संमतीपत्राचा मराठी मसुदा पोस्टाने पाठव, फोनवर मला नीट वाचता येत नाही. चौथी शिकलेल्या माणसाला कुठे अडेल तिथे खूण करून आठवड्याभरात परत धाडतो.

तुझे,
बाबा