पाणी आफ्रिकेत, थकबाकी शिरोलीत

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस

स.न.वि.वि.

आफ्रिकेतल्या एका पाणीपुरवठा योजनेला आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यातून व्हॉल्व्ह गेले. योजना आपल्या सरकारने तिकडच्या सरकारला दिलेल्या सवलतीच्या कर्जातली. बिल दिवाळीआधी देतो, असा शब्द मुख्य ठेकेदाराने दिला होता. परवा मेल आला: तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र आलेलं नाही, थांबा.

थांबलोच आहे. कॅश क्रेडिटवर व्याज चढतंय. जीएसटी बिल काढलं तेव्हाच भरला. फौंड्रीवाला फोन उचलत नाही, कारण त्याचेही मीच देणं लागतो. घरच्या पाटल्या बँकेत गहाण आहेत आणि कामगारांपुढे तोंड दाखवायची लाज वाटते.

या कर्जातला बहुतेक पैसा देशाबाहेर जातच नाही, हे आपण जाणताच. सरकारची एक्झिम बँक तो इथल्याच ठेकेदाराला देते, आणि साधारण ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते. धोरण उत्तम! पण शेवटी लेथवर उभा असलेल्या माणसापर्यंत त्यातला रुपया पोचला का, हे तुमच्या खात्यात कोण बघतं? अशी कर्जं म्हणे तीस अब्ज डॉलरच्या आसपास गेलीत. त्यात माझे काही लाख कुठे दिसणार म्हणा.

मोठ्या कामांचंही तेच. म्यानमारमधल्या, भारताच्या पैशातल्या कलादान बंदर-रस्ता प्रकल्पाचा करार २००८चा; रस्ता अजून अपुरा. भूतानमधल्या, आपल्याच पैशातल्या पुनात्सांगछू-१ या वीजप्रकल्पाच्या धरणाजवळची टेकडी २०१३ मध्ये सरकली, काम वर्षानुवर्षं रखडलं, खर्च फुगला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात भूतानला २,१५० कोटी. द्या, शेजारी आहे, माझी ना नाही. पण कशावर किती गेले आणि नळाला पाणी आलं का, हे गावच्या ग्रामसभेत विचारता येतं, दिल्लीत नाही. तिथे फीत कापल्याचे फोटो मिळतात.

आणि इथला कायदा? लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. म्हणजे कागदावर मी श्रीमंत आहे! लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांची तक्रार ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे अर्ज केलाय, तिथून पुढची तारीख मिळते.

मुख्य ठेकेदाराला पुढचा हप्ता सोडण्याआधी उपपुरवठादारांची बिलं भागल्याचा दाखला मागा, आणि कुणाचं किती थकलंय ते जाहीर करा. ‘आपले पत्र योग्य कार्यवाहीसाठी पाठवले आहे’ हे उत्तर कृपया धाडू नका. ते माझ्याकडे आधीच एक आहे.

आपला,
शिरोलीचा एक लघुउद्योजक