झीज नव्हे, मुक्ता

नाशिक, सकाळचे आठ

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

"आई, गाइडनी विषय दिलाय तो तुझ्याच दुखण्याचा, ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा," एवढं फोनवर बोललीस आणि गप्प झालीस. मलाही तेव्हा काही सुचलं नाही. मग आठवडाभर वाचत बसले. अक्षर वाकडं आलंय, बोटं अजून सुटली नाहीत.

तुला आठवत असेल, सुरुवातीला जो तो "झीज आहे" म्हणायचा. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि मी वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या घेत राहिले. अँटी-सीसीपी ही या संधिवाताची रक्ततपासणी होईपर्यंत मधलं बोट वाकलं होतं, बांगड्या चढेनाशा झाल्या होत्या. त्याची हळहळ अजून जात नाही. कारण झीज नव्हतीच ती. सांध्याच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी वेळ झाली तरी मरत नव्हत्या. त्या साचतात, अस्तर जाडावतं आणि शेजारची कूर्चा, हाड पोखरत जातं.

त्या का मरत नाहीत, हे मला तुझ्या विषयामुळे कळलं. मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचा धागा. त्याचं प्रथिन होत नाही, पण कुठलं प्रथिन किती व्हावं यावर त्याचा वचक. २०१२ च्या एका शोधनिबंधात वाचलं, की रुग्णांच्या या पेशींत '३४ए' नावाच्या मायक्रोआरएनए जोडीतला एक धागा कमी पडतो, कारण त्याच्या जनुकावर मिथाइल या रासायनिक गटाची कुलपं बसलेली असतात. मग मरण अडवणारं एक्सआयएपी प्रथिन माजतं. तो धागा वाढवला, तेव्हा पेशी मरणाचा निरोप पुन्हा ऐकू लागल्या. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचं वेगळंच. त्या मरताना आपल्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात आणि त्यावरच्या बदललेल्या प्रथिनांवर शरीर उठतं. माझ्या रिपोर्टमधली अँटी-सीसीपी प्रतिपिंडं तशाच प्रथिनांविरुद्धची.

आणि गंमत बघ, पेशींचं मरण ठरवणारी जनुकं आणि मायक्रोआरएनए, दोन्ही एका मिलिमीटरभर सूत्रकृमीत सापडली. त्याच्या १०९० पेशींपैकी १३१ ठरल्याप्रमाणे मरतात. रॉबर्ट हॉर्विट्झ या शास्त्रज्ञांना त्या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच प्रयोगशाळेत उमेदवारी केलेल्या अँब्रोस आणि रुवकुन यांना मायक्रोआरएनएसाठी २०२४ चं. १९९३ च्या शोधाला एकतीस वर्षांनी.

म्हणून सांगते, माझ्यासाठी घाई करू नकोस. '१५५' क्रमांकाचा मायक्रोआरएनए नसलेल्या उंदरांना कोलॅजन टोचून घडवलेला प्रयोगातला संधिवात होत नाही, हे खरं. पण तोच १५५ जंतूंशी लढायलाही लागतो. माझं मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याच्या गोळीवर बरं चाललंय, कुकरचं झाकण आता माझं मी उघडते. तुझ्याकडे येणारा अस्तराचा तुकडा मात्र कुणाच्या तरी ऑपरेशनमधून आलेला असेल. त्यावर नावाऐवजी नुसता नंबर असला तरी जपून हाताळ.

गोळी रविवारी असते, सोमवारी अंग मोडून येतं. फोन मंगळवारी कर. दिवाळीला येशील तेव्हा त्या पेशींचे फोटो आण. अकरा वर्षं अंगात वागवल्यात, एकदा बघायच्या आहेत.

तुझी
आई