वाडी कुठे मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्गची लोकसंख्या घटत असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. 1991, 2001 आणि 2011 या तिन्ही जनगणनांत मी प्रगणक म्हणून कणकवली तालुक्यात घरोघर फिरलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

1991 मध्ये जिल्ह्यात 8,32,152 माणसे होती, 2001 मध्ये 8,68,825 आणि 2011 मध्ये 8,49,651. वीस वर्षांत भर पडली ती जेमतेम साडेसतरा हजारांची. त्याच काळात महाराष्ट्र 7.89 कोटींवरून 11.24 कोटींवर गेला. बातमीत दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया असल्याचे कौतुक होते. कौतुक कसले? सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत आपल्याकडेही मुलीच कमी आहेत. कर्ते पुरुष मुंबईला नाहीतर गोव्याला गेले, तो हा आकडा.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. आठ तालुके, साडेसातशेच्या जवळपास महसुली गावे, एवढ्यावर जनगणनेचे पुस्तक थांबते. वैभववाडी तालुका 44 हजारांच्या आत, दोडामार्ग 49 हजारांच्या आत, हे त्यातून कळते. पण कोकणातला माणूस गावात राहत नाही, वाडीत राहतो! देशावरच्यासारखे आपले गाव एका गावठाणात दाटीने वसलेले नसते. देऊळवाडी इथे, बौद्धवाडी व्हाळापलीकडे, धनगरवाडी थेट डोंगराच्या कुशीत. पुस्तकात या सगळ्यांची एकच ओळ.

याचे परिणाम रोजचे आहेत. डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. हे 3,000 लोक किती वाड्यांत पांगले आहेत आणि मधला साकव (ओढ्यावरचा पायपूल) पावसाळ्यात टिकतो की नाही, हे निकष विचारत नाही. आमच्या गावी 2011 मध्ये वरच्या वाडीतली तीन घरे करायला मला अर्धा दिवस लागला होता. दोन घरांना कुलूप. तिसरेही बंद दिसले म्हणून परत फिरलो, तर मागच्या परड्यातून एक आजी ओरडली, ''गुरुजी, घर रिकामा कसा लिवतास? मी आसंय मां!'' त्या आजीची नोंद झाली, पण गावाच्या बेरजेत. त्या वाडीत एकच माणूस आणि तोही ऐंशी वर्षांचा, ही गोष्ट माझ्या कच्च्या वहीतच राहिली.

आता काही मंडळी चाकरमान्यांची नावे गावात लावून आकडा फुगवण्याच्या गोष्टी करतात. त्याला माझा साफ विरोध आहे. जो जिथे नेहमी राहतो, तिथे तो मोजला जावा. गणपतीला आणि मे महिन्यात भरणारे गाव फेब्रुवारीत रिकामे असते आणि नव्या जनगणनेतली प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी 2027 मध्येच व्हायची आहे. ते रिकामेपण कागदावर आलेच पाहिजे. लोकसंख्या घटली म्हणून जिल्हा परिषदेचे 50 गट (मतदारसंघ) कमी होणार नाहीत, कारण कायद्याने तेवढे किमान ठरलेलेच आहेत. आमच्या पुढाऱ्यांनी निदान ती काळजी सोडावी.

या जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 पासून गावे आणि तालुक्यांच्या सीमा गोठवल्या आहेत. त्यामुळे गणना संपेपर्यंत नवे तालुके, नव्या ग्रामपंचायती हा विषय बंद. पण वाडीची नोंद करायला सीमा बदलावी लागत नाही. घरयादीच्या वेळी प्रगणक नजरी नकाशा काढतो आणि प्रत्येक घराला क्रमांक देतो. त्या नकाशावर वाडीचे नाव सक्तीने लिहून घ्यावे आणि वाडीनिहाय घरे, बंद घरे व माणसे यांचा गोषवारा तहसील कार्यालयाने ग्रामपंचायतीला द्यावा. व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचा नियम आहे. एका-दोन घरांच्या वाड्या शेजारच्या वाडीला जोडून दाखवल्या की त्यालाही बाधा येत नाही. या जनगणनेचे काम मोबाइलवर होणार आहे, म्हणजे बेरीज करायला वेगळा कारकूनही नको.

आमच्या गावच्या अकरा वाड्यांची नावे आणि त्यांच्या पायवाटा माझ्या जुन्या वहीत आहेत. नव्या प्रगणकाला हव्या असतील तर मी बरोबर चालायलाही तयार आहे. फक्त वरच्या वाडीला सकाळी निघावे लागेल.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग