आर्याचं जेवण तोडू नकोस

सोलापूर

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

परवा तू फोनवर म्हणालास की आर्याने रात्रीचं जेवण बंद केलंय आणि ती बारीक होतेय म्हणून घरात सगळे खूश आहेत. ते ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय. तू गडबडीत होतास, म्हणून हे पत्र.

अरे, पोरगी तेरा वर्षांची आहे. हे अंग भरण्याचंच वय. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० किलोकॅलरी सांगितल्या आहेत, आणि बैठं काम करणाऱ्या बाईला १६६०. म्हणजे वहिनींपेक्षा आर्याचं ताट भरलेलं हवं. लोहाचं तर विचारूच नकोस. तुला-मला १९ मिलिग्रॅम पुरतं, तिला ३० लागतं. एकीकडे वाढीसाठी रक्त वाढायला हवं, दुसरीकडे दर महिन्याला पाळीत ते जातं.

शाळेत मी हे रोज बघतो. मागच्या आठवड्यात प्रार्थनेला नववीतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तर आत पांढरीफटक. सकाळी काय खाल्लंस विचारलं, तर "चहा-खारी, सर." आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी या मुली उपाशीपोटी घेतात, मग मळमळतं, आणि पुढच्या वेळी ती नळाजवळ थुंकून टाकतात. जेवल्यावर घ्या म्हणून मी मागे लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत शंभरातल्या ५९ जणींना रक्तक्षय निघाला. खात्यापित्या घरच्या मुलीही त्यात असतात रे.

तिच्या भावाला, ओंकारला, रोज दोन अंडी, आणि आर्याला "नको, जाडी होशील", हे मला अजिबात पटलेलं नाही. तिलाही अंडं दे. (ओंकारला प्रोटीन पावडर मात्र आणू नकोस, घरचं जेवण भरपूर आहे.)

वेगळं काही करायला नको. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन (शरीराला लागणारा प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, ते डाळीतून भरून निघतं, म्हणून भाकरीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ हवीच. पालेभाजीवर लिंबू पिळा, नाहीतर जेवणानंतर पेरू द्या, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. हाडांसाठी या वयात रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि ज्वारीत ते फारसं नसतं. तेव्हा दूध-दही रोज, आणि आठवड्यातून दोनतीनदा नाचणी.

शेंगाचटणी मी पाठवतोच. आईने उखळात कुटलीय, तेल सुटेपर्यंत. कडक भाकरीही बांधून देतो, शाळेतून आल्यावर आर्याला दह्यात चुरून दे. तेवढ्याने बाहेरचं खाणं कमी होईल.

या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घे. १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे ने. ती जेवण टाळतच राहिली, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तरीही ने. आणि तिच्यासमोर वजनाचा विषय घरात कुणीही काढायचा नाही, आजीनेसुद्धा. हे तूच सांग, तुझं ऐकतील.

रिपोर्ट आला की लगेच कळव.

तुझा,
महेश