चिंगीची पहिली राजमाची

पुणे, १० डिसेंबर

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

चिंगीला घेऊन मी राजमाची किल्ल्याहून सुखरूप परतले, हे फोनवर कळवलेच आहे, परंतु "कुत्र्याला डोंगरावर न्यायचे आणि दोरीला बांधून ठेवायचे, मग नेलेच कशाला?" या बाबांच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर धड देता आले नाही आणि बिबट्याविषयीची आईची काळजीही दोन वाक्यांत मिटण्यासारखी नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बाबा, तुम्ही हरिश्चंद्रगड सुचवला होता आणि माझ्याही मनात आधी तोच होता. पण तो गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि भीमाशंकरचेही तसेच आहे. पाळीव कुत्र्याच्या नुसत्या वासाने रानातले प्राणी बिथरतात, शिवाय डिस्टेंपरसारखे रोग कुत्र्यांकडून कोल्ह्या-लांडग्यांपर्यंत पोहोचतात; तेव्हा आपल्या हौसेपायी तिथे कुत्रे नेणे मला पटले नाही. राजमाचीला लोणावळ्याच्या तुंगार्लीकडून गेले, तर सुमारे पंधरा किलोमीटरची वाट बरीचशी सपाटीची आहे आणि पायथ्याच्या उधेवाडीत मुक्कामाला घर मिळते. कोंढाण्याच्या लेण्यांकडून येणारी कर्जतची वाट छातीवरच्या चढाची आहे, ती पहिल्याच खेपेला नको होती. पावसाळा मुद्दाम टाळला, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होण्याची भीती असते आणि सुटीच्या दिवशी त्या वाटेवर जत्रेसारखी गर्दी लोटते. लोकलच्या गर्दीतून तिला नेण्याचा विचारही केला नाही. मैत्रिणीच्या गाडीने तुंगार्लीपर्यंत गेलो आणि पुढे आम्ही दोघी आणि चिंगी चालत निघालो.

चिंगीची स्वतःची सॅक होती, हे ऐकून आई हसली होती. ती सॅक म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन लहान पिशव्या असतात आणि छाती-पोटाखालून पट्टे बांधायचे असतात. कुत्र्याने साधारणपणे स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच ओझे उचलावे, असे मानतात. चिंगीचे वजन सोळा किलो आहे, म्हणून दीड किलोच्या वर काहीही भरले नाही. तिचे खाणे, घडीची वाटी आणि पायाला लागले तर बांधायची पट्टी, एवढेच तिच्याकडे होते. पाणी सगळे माझ्या पाठीवर होते. त्याआधी कित्येक आठवडे वेताळ टेकडीवर तिला रिकामी सॅक घालून फिरवले, मग हळूहळू वजन वाढवले. पहिल्या दिवशी ती नव्या नवरीने शालू सावरावा तशी अंग चोरून चालत होती आणि दाराच्या चौकटीत अडकली की तिथेच थांबून माझी वाट पाहत होती. तिची हाडे पुरती भरेपर्यंत, म्हणजे दीड वर्षाची होईपर्यंत, तिला ओझे द्यायचे नाही हे मी आधीच ठरवले होते. गेल्या वर्षी तुम्ही विचारत होता तेव्हा हा बेत पुढे ढकलण्याचे कारण हेच होते.

आता दोरीविषयी. मोकळे सोडले की कुत्रे आनंदाने हुंदडते, हे खरे आहे, पण ते नाकाने चालते. आणि सह्याद्रीतल्या कातळावर दगडाच्या फटीत नाक खुपसणे म्हणजे फुरशाला किंवा घोणशीला आमंत्रण देणे. वाटेत गुरे चरत होती, त्यांच्यामागे ती धावली असती तर गुराख्याला दिवसभर निस्तरत बसावे लागले असते. दोरी माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवली होती, त्यामुळे हात मोकळे राहिले आणि तिलाही ओढ बसली नाही. खरे सांगायचे तर बांधलेली मीच होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला शरीर थंड करावे लागते. म्हणून तिची जीभ लांब लोंबू लागली की सावली पाहून थांबायचे, पाणी द्यायचे आणि धाप बसल्यावरच उठायचे, असा क्रम ठेवला. ओढे बहुतेक आटलेले होते. ऊन चढल्यावर उघड्या कातळावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहत होते. हाताला चटका बसला तर तिच्या तळव्यांनाही बसणार, म्हणून अशा वेळी कडेच्या गवतातून चालवले. माणसे जी वाट दुपारच्या जेवणापर्यंत उरकतात, तिला आम्हाला पार उन्हे कलेपर्यंत वेळ लागला, आणि त्याचे मला काहीही वाईट वाटले नाही.

उधेवाडीत ज्यांच्या घरी उतरलो, त्यांना कुत्रे सोबत आहे हे आधी विचारून घेतले होते. घरधनीण म्हणाल्या, "कोंबड्या आहेत बघा." मी चिंगीला लगेच अंगणाच्या कडेच्या खांबाला बांधले, कोंबड्यांनी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केले, तिने मात्र संध्याकाळभर त्यांच्यावरची नजर हलवली नाही. गावातली कुत्री आली, गुरगुरली, वास घेऊन गेली. आई, बिबट्याची तुझी भीती अनाठायी नव्हती, कारण कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य आहे. म्हणूनच अंधार पडल्यावर तिला क्षणभरही बाहेर एकटी ठेवले नाही, लघवीलाही विजेरी घेऊन आम्ही दोघी सोबत गेलो आणि झोपताना तंबू घराच्या भिंतीला लागूनच ठोकला. तंबू तिला नवा नव्हता, घरच्या हॉलमध्ये तो लावून तिला त्यात दुपारी झोपवत असे. पण हॉलमध्ये कोल्हेकुई ऐकू येत नाही. पहिली कोल्हेकुई झाली तेव्हा तिच्या पाठीचे केस उभे राहिले, पाठोपाठ गावची कुत्री भुंकू लागली आणि ही मधल्या मध्ये कोणाच्या बाजूने बोलावे हे न कळून नुसती पुटपुटत राहिली. गावठी कुत्र्याची लव आखूड असते, डिसेंबरात त्या खोऱ्यात चांगलाच गारठा पडतो. अखेर माझ्या मॅटवर तिने अर्ध्याहून अधिक जागा घेतली आणि माझ्या स्लीपिंग बॅगेत तोंड खुपसून झोपली.

सकाळी ओझे घरीच ठेवून राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धनवर गेलो. बोरघाटाच्या वाहतुकीवर नजर ठेवणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये स्वराज्यात आणला, हे बाबांना मी काय सांगावे! दोन्ही बालेकिल्ल्यांमधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे. तिथे आम्ही आळीपाळीने दर्शन घेतले आणि एकीने बाहेर चिंगीजवळ थांबायचे असे केले. वरच्या टाक्यांतले पाणी माणसे पितात, म्हणून तिला त्यांत तोंड घालू दिले नाही, वाटीतूनच पाजले. माथ्यावरून उल्हास नदीचे खोरे, नागफणी आणि पलीकडे माथेरान स्वच्छ दिसत होते. चिंगीला त्यात काडीचाही रस नव्हता. तिने बुरुजाच्या सावलीत ताणून दिली. दुसरा बालेकिल्ला मनरंजन राहिला, तो पुढच्या वेळी पाहू.

घरी आल्यावर तिच्या कानांतून, बोटांच्या बेचक्यांतून आणि शेपटीखाली गोचिडी शोधून काढल्या. गोचिडीची गोळी आणि लसी डॉक्टरांनी आधीच दिल्या होत्या, तरीही गोचिडीचा ताप वाईट असतो, म्हणून काही दिवस तिच्या खाण्याकडे लक्ष ठेवणार आहे. सध्या तरी जेवते आहे आणि दुपारभर झोपते आहे.

संक्रांतीला तिला घेऊन तासगावला येते. आई, एक विनंती आहे. तू वाटेसाठी पाठवलेले बेदाणे आम्ही दोघींनीच खाल्ले आणि पुडा माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला, कारण द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आपल्याकडे प्रत्येक फडताळात बेदाण्याची बरणी असते, तेव्हा खालच्या फळीवरच्या तेवढ्या वर चढवून ठेव. कांदा घातलेले थालीपीठही तिला देऊ नकोस. साधी भाकरी ती मनापासून खाते. बाबांनी गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

तुमची,
वैशाली